रविवार मिळवून देणारा स्टोअरकीपर

आज रविवार. ही पुरवणी हातात घेऊन तुम्ही निवांत बसला असाल, दुसरा चहा झाला असेल आणि मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक कुठून कुठवर आहे हे पाहून बाहेर पडायचे की नाही, याचा घरात खल चालू असेल. आम्हा दिव्याच्या लोकांचा अर्धा रविवार तर हा मेगाब्लॉकच खाऊन टाकतो. ते असो. पण मुळात हा रविवार आला कुठून, असा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. साहेब ख्रिस्ती होता, तो रविवारी चर्चला जायचा, म्हणून आपल्यालाही सुटी, एवढे म्हणून आपण मोकळे होतो. सरकारी कचेऱ्यांपुरते ते खरेही आहे. मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्या माणसाला मात्र साहेबाच्या चर्चने रविवार दिला नाही. तो त्याला मिळवून दिला ठाण्यात जन्मलेल्या एका स्टोअरकीपरने. त्यांचे नाव नारायण मेघाजी लोखंडे.

लोखंड्यांचे नाव आपल्याकडे घेतले जाते ते कामगार चळवळीचे जनक म्हणून. पुतळे, जयंती, हारतुरे या वाटेने गेले की माणूस दूर जातो. मला ते जवळचे वाटतात ते वेगळ्याच कारणाने. मी जन्मभर बँकेत नोकरी केली; माल, साठा, किल्ल्या, रजिस्टर यांच्या संगतीत माझी उमेदीची वर्षे गेली. लोखंडेही तसेच. गिरणीचा माल सांभाळणे ही त्यांची नोकरी. माल सांभाळता सांभाळता या गृहस्थाची नजर माणसांकडे कशी वळली, हे मला नेहमी कुतूहलाचे वाटत आले आहे. आणि गेल्या काही वर्षांत आमच्या या पट्ट्यात, डोंबिवलीत म्हणा किंवा भिवंडीच्या गोदामांत म्हणा, आगीची बातमी आली की मला हटकून हा माणूस आठवतो. का, ते पुढे येईल.

लोखंड्यांचे मूळ घराणे पुणे जिल्ह्यातल्या कन्हेरसरचे, जातीने फुलमाळी. जन्म १८४८ चा, ठाण्याचा. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्याला पोहोचली तेव्हा हा मुलगा पाच वर्षांच्या आतबाहेर असेल. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत गेले. म्हणजे आमच्या दिव्याच्या खाजणातून आणि भातखाचरांतून गाडी धावू लागली. सारे ठाणे गाडी बघायला लोटले होते, त्या गर्दीत बापाच्या खांद्यावर नारायण असलाच पाहिजे, असे कादंबरीकार म्हणून मला लिहावेसे वाटते. पण पुरावा नाही, म्हणून लिहीत नाही. एवढे मात्र खरे, की पुढे शिक्षण आटोपल्यावर त्यांनी पहिल्यांदा नोकरी केली ती रेल्वे आणि टपाल खात्यात. त्यानंतर ते मुंबईच्या मांडवी कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले.

स्टोअरकीपर म्हणजे जुन्या भाषेत कोठावळा. ही जागा फार मोक्याची. तो धड साहेबही नसतो आणि धड मजूरही नसतो. गिरणीच्या प्रत्येक खात्यातून त्याच्याकडे माणूस येतो. कुणाला तेल हवे, कुणाला पट्टा हवा, कुणाला बॉबिन. कोणत्या खात्यात काय तुटले, कुठे कुणाचा हात सापडला, कोण उपाशी आहे, हे मॅनेजरच्या आधी त्याला कळते. लोखंड्यांना गिरणी कळली ती अशी, खिडकीतून. त्या काळची गिरणी म्हणजे उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम. विजेचे दिवे अजून यायचे होते, त्यामुळे कामाचा दिवस सूर्यावर ठरे. हिवाळ्यात तो जरा आखूड, उन्हाळ्यात तेरा-चौदा तासांचा. दुपारी जेवायला ठरलेली सुटी नाही; साचा चालू ठेवून भाकरी खायची. आठवड्याची सुटी नाही. महिन्यातून कधी गिरणी थांबली, तर कित्येक ठिकाणी त्याही दिवशी यंत्रे पुसायला यावे लागे. पगार महिना उलटून गेला तरी हातात पडण्याची खात्री नाही.

आणि सगळीकडे कापूस. ज्यांनी गिरणी आतून पाहिली आहे त्यांना ब्लोरूम ठाऊक असेल. गाठी फोडून कापूस पिंजायचे ते खाते. गाठीत एखादा लोखंडाचा तुकडा राहून गेला आणि तो फिरत्या पात्यांवर आदळला, की ठिणगी उडते. हवेत तरंगणारा भुगा, तेलाने माखलेली जमीन, लाकडी फळ्या. पुढे काय होते ते सांगायला नको. अमेरिकेत १८७० आणि १८८० च्या दशकांत छतातून आपोआप पाणी सोडणारे फवारे निघाले ते प्रथम कापड गिरण्यांतच मोठ्या प्रमाणावर बसू लागले, हा काही योगायोग नव्हे. कापसाची आग मालकांना चांगली ठाऊक होती. मुंबईत आगीचे बंब पोलिसांच्या हाताखाली होते. १ एप्रिल १८८७ पासून अग्निशमन हे नगरपालिकेचे काम झाले.

पण लोखंड्यांची गोष्ट आगीची नाही, ती अर्जांची आहे. १८८० च्या सुमारास त्यांनी गिरणीतली नोकरी सोडली आणि ‘दीनबंधू’ हे पत्र चालवायला घेतले. हे पत्र कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात काढलेले, सत्यशोधक विचारांचे. पैशांअभावी बंद पडलेले. लोखंडे जोतीराव फुल्यांच्या शिष्यपरिवारातले. त्यांनी ते मुंबईत पुन्हा उभे केले. चांगली कायमची नोकरी सोडून बुडालेले वर्तमानपत्र चालवायला घेणे, याला आमच्या बँकेच्या भाषेत शुद्ध वेडेपणा म्हणतात आणि असल्या धंद्याला आम्ही कर्जही दिले नसते.

त्या सुमारास, १८८१ साली, हिंदुस्थानचा पहिला कारखाना कायदा आला. त्यासाठी मुंबईत सोराबजी शापूरजी बंगाली यांनी खूप खटपट केली होती. कायदा अगदी लुळा होता. शंभर किंवा त्याहून अधिक माणसे असतील तरच लागू. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायचे नाही, बारापर्यंतच्या मुलांना दिवसाला नऊ तासच, आणि धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालायचे. मोठ्या माणसांसाठी, बायकांसाठी काही नाही. या कायद्यामागे मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांचा स्वार्थ होता, हेही खरे. इथले मजूर स्वस्तात राबतात म्हणून इथले कापड स्वस्त पडते, तेव्हा त्यांना कायद्याने बांधा, असा तिकडचा हिशेब. त्यामुळे ‘केसरी’सह आपल्या बहुतेक राष्ट्रीय पत्रांनी कारखाना कायद्याला विरोध केला. देशी उद्योग बुडवायचा हा डाव आहे, असे त्यांचे म्हणणे. त्यात तथ्य होते, पण त्या तथ्याच्या ओझ्याखाली सात वर्षांचे पोर चिरडत होते, हे पाहायला कुणी तयार नव्हते. लोखंड्यांनी ते पाहिले. मँचेस्टरचा हेतू वाईट असेल, पण म्हणून दुपारची अर्धा तास सुटी वाईट ठरत नाही, एवढा साधा विचार त्यांनी केला. त्या दिवसांत तो साधा नव्हता. देशद्रोहाचा शिक्का बसायला तेवढे पुरेसे होते.

१८८४ साली मुंबई सरकारने कारखान्यांच्या चौकशीसाठी एक कमिशन नेमले. अध्यक्ष होते मुलॉक साहेब, ठाण्याचे कलेक्टर राहिलेले. साक्षी द्यायला मालक येणार, मॅनेजर येणार, डॉक्टर येणार; कामगारांच्या वतीने कोण बोलणार? सप्टेंबर १८८४ मध्ये परळच्या सुपारीबागेत लोखंड्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि एक निवेदन तयार केले. त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. दिवसभर राबून आलेल्या आणि बहुतांशी निरक्षर असलेल्या साडेपाच हजार माणसांना एका कागदावर आणणे म्हणजे काय, हे ज्याने एखाद्या हाउसिंग सोसायटीत वीस सह्या गोळा केल्या आहेत त्यालाच कळेल.

निवेदनात पाच मागण्या होत्या. दर रविवारी सुटी. दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम. मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत. आणि पाचवी मागणी अशी, की कामावर कुणी जखमी झाला तर बरा होईपर्यंत त्याला पुरा पगार मिळावा आणि कायमचा अधू झाला तर त्याच्या पोटाची सोय व्हावी.

रविवारची मागणी पुरी झाली म्हणून ती सगळ्यांच्या लक्षात राहिली. माझ्या मते या अर्जात खरी जड मागणी होती ती पाचवी. पहिल्या चारांमध्ये वेळ आणि पैसा यांची गोष्ट आहे. पाचवीत अपघात कुणाच्या खात्यावर टाकायचा, हा प्रश्न आहे. तोपर्यंत कामगाराचा हात गेला तर तो कामगाराचा हात गेला; गिरणीच्या वहीत त्याची नोंद नाही, कारण गिरणीचे काही गेलेच नाही. दुसऱ्या दिवशी दुसरा हात दारात उभा. स्टोअरकीपर राहिलेल्या माणसाला हे बरोबर दिसले असणार. बॉबिन तुटली तर ती खर्ची पडते, पट्टा तुटला तर खर्ची पडतो, माणूस तुटला तर कुठेच काही पडत नाही. अपघाताचा खर्च मालकाच्या वहीत लिहायला लावा, म्हणजे अपघात टाळणे त्याला आपोआप स्वस्त वाटू लागेल, हा या मागणीचा गाभा. या पाच मागण्यांत आगीचा उल्लेख नाही. पण आग लागल्यावर माणसे बाहेर कशी काढायची याचा जो विचार आज कायदा करायला लावतो, त्याचे मूळ मला या पाचव्या मागणीत दिसते.

मुलॉक कमिशनचा अहवाल दप्तरी पडला. लोखंडे मात्र अर्ज करीतच राहिले. १८८९ च्या ऑक्टोबरात कामगारांचे गाऱ्हाणे थेट गव्हर्नर जनरलकडे गेले. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली आणि त्या सभेत दोन स्त्री कामगारांनी भाषणे केली. १८९० साल आहे, हे विसरू नका. त्याच वर्षी लोखंड्यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या न्हाव्यांनी विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला होता. अखेर १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघटनेने रविवारची सुटी मान्य केली. रविवारच का, तर तो खंडोबाचा वार, असे लोखंड्यांनी पटवून दिल्याचे सांगितले जाते. मूळचे पुणे जिल्ह्यातले घराणे. जेजुरी काय लांब नव्हती.

लोखंड्यांची ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ ही हिंदुस्थानातली पहिली कामगार संघटना म्हणून ओळखली जाते. इतिहासकारांनी तिच्यावर टीका केली आहे, की तिला ना घटना होती, ना सभासदांची यादी, ना वर्गणी, ना निधी. टीका खरी आहे. असल्या संस्थेचे साधे बचत खातेसुद्धा मी उघडून दिले नसते. पण ज्या माणसांना महिन्याचा पगार वेळेवर मिळत नाही त्यांच्याकडून वर्गणी कशी घ्यायची? लोखंडे सल्ला देत, अर्ज लिहीत, साक्षीला उभे राहत. १८९० साली लेथब्रिज साहेबांच्या अध्यक्षतेखाली फॅक्टरी कमिशन आले तेव्हा सरकारने मुंबईपुरते त्यांनाच कमिशनवर घेतले. १८८४ साली दाराबाहेर अर्ज घेऊन उभा असलेला माणूस सहा वर्षांनी टेबलाच्या आतल्या बाजूला बसला. १८९१ चा सुधारित कायदा आला, १ जानेवारी १८९२ पासून अमलात आला. पन्नास माणसांच्या कारखान्यालाही तो लागू झाला, नऊ वर्षांखालच्या मुलांना बंदी झाली, स्त्रियांचे तास अकरावर आले, दुपारची अर्धा तास सुटी आणि आठवड्याची सुटी कायद्यात बसली. पाचव्या मागणीला मात्र कायद्याचे रूप आले ते १९२३ साली, कामगार नुकसानभरपाई कायद्याने. तोवर लोखंड्यांना जाऊन सव्वीस वर्षे झाली होती.

आता मी माझ्या बँकेच्या दिवसांकडे जरा वळतो. माल तारण ठेवून कर्ज घेणाऱ्या लहान कारखानदारांच्या, म्हणजे आमच्या भाषेत पार्टीच्या, गोदामाला अचानक भेट देऊन साठा मोजणे हे आम्हा अधिकाऱ्यांचे काम असे. ठाणे जिल्ह्यातली अशी कितीतरी गोदामे मी पाहिली. नावे सांगण्यात अर्थ नाही, कारण सगळ्यांचा नमुना एकच. तपासणीच्या छापील फॉर्मात माल किती, स्टॉक स्टेटमेंटशी जुळतो का, आगीचा विमा चालू आहे का, पॉलिसीवर बँकेचे नाव आहे का, असे रकाने. आग लागली तर बँकेचे पैसे कसे वाचतील, याची चोख व्यवस्था. त्या गोदामात शिवणयंत्रावर बसलेल्या तीस बायका कुठून बाहेर पडतील, याला रकाना नव्हता. मागचे दार बहुतेक ठिकाणी असे. त्याला आतून कुलूप असे आणि कुलपासमोर आम्ही मोजलेला तोच माल छतापर्यंत रचलेला असे. किल्ली शेटजींकडे आणि शेटजी मुलुंडला. मी शेऱ्याच्या जागेत हे लिहीत असे. शेरे वाचायला वरती कुणाला वेळ नसे, तो भाग वेगळा.

कुलूप का, म्हणून विचारले तर उत्तर ठरलेले. माल चोरीला जातो. हे उत्तर खोटे नसते, म्हणूनच ते घातक आहे. न्यूयॉर्कला ट्रँगल नावाचा कपड्यांचा कारखाना होता, एका उंच इमारतीच्या आठव्या, नवव्या आणि दहाव्या मजल्यावर. २५ मार्च १९११ रोजी, शनिवारी, काम सुटायच्या वेळी तिथे आग लागली. जिन्याचे एक दार कुलूपबंद होते, कारण जाताना मुलींच्या पिशव्या तपासता याव्यात म्हणून सगळ्यांना एकाच दाराने सोडण्याची पद्धत होती. बंबाच्या शिड्या सहाव्या मजल्याच्या वर पोहोचल्या नाहीत. १४६ माणसे गेली, बहुतेक तरुण मुली, परदेशातून पोट भरायला आलेल्या. त्या आगीनंतर अमेरिकेतले कायदे बदलले आणि बाहेर पडण्याची वाट हा कारखान्याच्या तपासणीचा स्वतंत्र विषय झाला.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्यात ३८ वे कलम घातले गेले ते मी मुद्दाम वाचले आहे. आगीच्या वेळी सुटकेची साधने हवीत. दारे आतून झटकन उघडतील अशीच असावीत आणि सरकती नसतील तर बाहेरच्या बाजूला उघडणारी असावीत. वाटेवर बहुसंख्य कामगारांना कळेल अशा भाषेत लाल अक्षरांत खूण हवी. वाट मोकळी हवी. वरच्या मजल्यावर वीसहून अधिक माणसे असतील तर त्यांना बाहेर पडण्याचा सराव दिलेला हवा. दार बाहेर का उघडायचे, हे घरातल्या मुलांना सांगून ठेवा. घाबरलेली गर्दी दारावर येऊन दाबते; दार आत उघडणारे असेल तर तिच्याच भाराने ते बंद राहते. एवढ्या एका बिजागरीवर माणसे जगतात किंवा मरतात. आपल्या राज्याने पुढे २००६ साली वेगळा कायदा केला. त्याचे नाव महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम. त्यातला जीवसंरक्षक हा शब्द मला फार आवडतो. मालसंरक्षक नव्हे. त्यानुसार दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते.

कागद येतात. पण तपासनीस येतो तो सकाळी अकराला, सगळे दिवे चालू असताना, साहेब जागेवर असताना. नळकांडी मोजतो, त्यांच्यावरची तारीख बघतो, शिक्का मारतो. आग रात्रपाळीला लागते. राष्ट्रीय इमारत संहितेने सांगितलेले सराव किती ठिकाणी होतात, आणि झालेच तर रात्रपाळीला होतात का? सगळ्यांनी बाहेर येऊन कुठे जमायचे हे ठरलेले असते का? आणि सर्वांत अवघड प्रश्न, जमल्यावर हजेरी कशावरून घ्यायची? मस्टरवर चाळीस नावे आणि आत कंत्राटदाराची आणखी पंचवीस माणसे असतील, तर आत कोण राहिले हे कुणालाच सांगता येत नाही. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त फोरमनने मला सांगितले, की त्यांच्याकडे सरावाचा भोंगा वाजला की कंत्राटी मुले जागची हलत नसत. सराव हा कायम कामगारांचा कार्यक्रम आहे, अशीच त्यांची समजूत होती.

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ रोजी प्रोबेस कंपनीत भीषण स्फोट झाला, आणि २३ मे २०२४ रोजी अमुदान केमिकल्समध्ये. दोन्ही वेळा दहाहून अधिक माणसे दगावली, आसपासच्या कारखान्यांनाही झळ पोहोचली. दुसऱ्या वेळी तर मृतांची ओळख पटवायला डीएनए तपासावे लागले. दिवा, कोपर, डोंबिवली. दोन स्टेशनांचे अंतर. आमच्याकडच्या चाळींमधून रोज सकाळी डबा घेऊन निघणारी मुले त्याच वसाहतीत, तळोज्याला, महापेला, भिवंडीला जातात. कुणी बिहारचा, कुणी खानदेशचा, कुणी कोकणातला. लाल अक्षरातली पाटी कोणत्या भाषेत लिहायची, हा प्रश्न इथे पुस्तकी राहत नाही. आणि २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर मुंबईत कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागली, तेव्हा १४ जण गेले. त्यांतले बरेच स्वच्छतागृहात गुदमरले. वाट सापडली नाही म्हणून माणसे तिथे शिरली होती. ज्या गिरण्यांसाठी लोखंड्यांनी हयात घालवली, त्यांतल्याच एकीचे ते आवार.

घरातल्या मोठ्यांना एक सुचवतो. कामावरून आलेल्या मुलाला किंवा सुनेला आज जेवताना एवढेच विचारा, की तुझ्या ऑफिसात दुसरा जिना कुठे आहे आणि त्याचे दार तू कधी उघडून पाहिले आहेस का. मी विचारून पाहिले आहे. बहुतेकांना लिफ्ट ठाऊक असते. आमच्या शेजारच्या मुलीने दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिले, तर जिन्यात जुन्या फायलींची कपाटे. तिने तक्रार केली आणि कपाटे हलली. बाविशीतली पोरगी, नोकरी नवी. मला तिचे कौतुक वाटले.

लोखंड्यांची अखेर सांगायची राहिली. १८९३ साली मुंबईत हिंदू-मुसलमानांचा मोठा दंगा झाला. लोखंड्यांनी हजारो कामगारांना राणीच्या बागेत एकत्र आणून सलोख्याचा मेळावा घेतला. सरकारने त्यांना पुढे रावबहादूर केले. पदवीने माणूस सुस्तावतो, हे सुस्तावले नाहीत. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचा पहिला रोगी सापडला आणि शहर रिकामे होऊ लागले. लाखो माणसे गाठोडी बांधून निघाली. ना कुणी वाट ठरवलेली, ना कुठे जमायचे ते ठाऊक. गाड्या भरभरून ठाणे-कल्याणकडे येत होत्या, कल्याणच्या स्थानकावर प्रवाशांची तपासणी सुरू झाली होती. लोखंड्यांना जाता आले असते. ठाणे त्यांचे जन्मगाव, कन्हेरसरला मूळ घर. पण गिरणगावातल्या मजुरांपैकी कित्येकांना जायला ठिकाण नव्हते आणि लोखंडे त्यांच्यातच राहिले, रोग्यांची सेवा करीत. शेवटी त्यांनाही प्लेगने गाठले. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी ते गेले. पन्नाशीही गाठली नव्हती. पुढच्याच महिन्यात पुण्यात सावित्रीबाई फुले तशाच गेल्या, प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना.

त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे लोखंडे विस्मरणात होते. मनोहर कदमांनी त्यांचे चरित्र लिहिले, तेव्हा पुष्कळांना हे नाव पहिल्यांदा कळले. २००५ साली टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. त्याच खात्यात त्यांनी तरुणपणी नोकरी केली होती. सरकारच्या श्रमविज्ञान संस्थेला आता त्यांचे नाव आहे. कामगार कायद्यांचा अभ्यास करणारी मुले तिथे शिकतात. संस्था परळलाच आहे. साडेपाच हजार सह्यांचा कागद ज्या सभांमधून निघाला, त्या सुपारीबागेत, याच परळात भरल्या होत्या.